ढ आणि कच्चं लिंबू

मामा रोज कॅनमध्ये एक तांब्या पाणी वाढवायचा.

१९८४चा मे महिना होता आणि मी नऊ वर्षांची होते. कराडहून ढेबेवाडीला जाणाऱ्या रस्त्यावर, वांग नदीच्या खोऱ्यात माझं आजोळ. सुट्टी लागली की आम्ही सात-आठ मामे-मावस भावंडं तिथं जमायचो आणि सकाळची न्याहारी उरकली की मळ्यातल्या विहिरीवर पळायचो. आमच्या आधीच्या पिढीच्या पाठीला वाळका भोपळा बांधत. आमच्यापर्यंत येता येता भोपळ्याच्या जागी रॉकेलचा पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन आला होता. कितीही धुतला तरी त्याचा वास जात नसे. अजूनही कुठं रॉकेलचा वास आला की माझ्या नाकात विहिरीचं गार पाणी शिरतं.

पहिल्या दिवशी कॅन रिकामा, बूच गच्च आवळलेलं. तो पाठीला दोरीनं बांधून मामा पायरीवरून सरळ आत ढकलायचा. एक गटांगळी, नाकातोंडात पाणी, आणि मग कॅन आपल्याला वर उचलायचा. हातपाय कसेही मारा, बुडणं शक्यच नाही. दुसऱ्या दिवशी बांधायच्या आधी मामानं बूच काढून आत एक तांब्या पाणी ओतलं. तिसऱ्या दिवशी आणखी एक. आम्हाला वाटायचं तो कॅन विसळतोय. सहाव्या दिवशी कॅन तोंडापर्यंत भरलेला होता. तो मला धरत नव्हता, मीच त्याला पाठीवर घेऊन या काठापासून त्या काठापर्यंत पोहत होते, आणि हे मला मामानं संध्याकाळी चुलीपाशी बसल्यावर सांगितलं.

मामाच्या त्या युक्तीपेक्षाही एक गोष्ट मला आज जास्त मोठी वाटते. कुणाला पोहता येईल आणि कुणाला येणार नाही, हा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही. माझा एक मावसभाऊ आख्खी सुट्टी पायरी सोडायला तयार नव्हता. मामा त्याला रोज एवढंच म्हणायचा, "आज एक पायरी खाली बस." पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तो पोहला. मधल्या वर्षभरात घरातलं कुणीही म्हणालं नाही की ह्याच्या अंगात पोहणं नाही. एकदा मीच भीतीनं रडत म्हणाले होते, मला नाही जमणार. त्यावर मामा म्हणाला, "पान्याला काय ठावं तू कोन हायेस? हात मारलास की त्ये धरतंय."

भाकरीचंही तसंच होतं. पहिल्या भाकऱ्यांचे नकाशे होतात. ते नकाशे घरातलं कुणीतरी मुकाट्यानं खातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परात आपल्यापुढे सरकवली जाते. भाकरीचं डोकं असावं लागतं, असं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. गाण्याचा मात्र गळा असावा लागतो, चित्राचा हात असावा लागतो आणि गणिताचं डोकं असावं लागतं.

चौथीत मला स्कॉलरशिप मिळाली. तेव्हा ती परीक्षा चौथीत आणि सातवीत असायची. घरी पेढे आले, आणि त्या दिवसापासून मी हुशार झाले. आधी मी नुसती मुलगी होते, आता हुशार मुलगी. पाहुणे आले की वडील मला बाहेर बोलवायचे आणि पाहुणे मान हलवून म्हणायचे, "मुळातच हुशार आहे हो." ते ऐकायला फार गोड वाटायचं. पण मुळातच जे असतं ते आपण मिळवलेलं नसतं, आणि जे आपण मिळवलं नाही ते एखाद्या दिवशी हातातून निसटलं तर परत कुठून आणायचं हेही आपल्याला ठाऊक नसतं.

ते निसटलं आठवीत. बीजगणित, अवयव पाडणे. पहिल्या चाचणीत मला पंचवीसपैकी सहा मार्क पडले. वर्गात पेपर वरच्या मार्कांपासून खाली वाटले जायचे. पहिली चार-पाच नावं झाली, दहा झाली, माझं येईना. मैत्रिणी मागे वळून बघत होत्या. तो पेपर हातात आला तेव्हा चूक कुठं झाली हे बघायचंसुद्धा मला सुचलं नाही. डोक्यात एकच गोष्ट होती, हे घरी कळता कामा नये. पेपरवर पालकांची सही लागायची. बाईंची शाई लाल होती. वाटेत एका मैत्रिणीकडून लाल रिफील मागून घेतली आणि सहाच्या आधी एक काढला. वडिलांनी सोळा मार्क बघितले, "जरा कमी आहेत, पण ठीक," म्हणाले आणि सही केली. चाळीसएक वर्षांत मी ही गोष्ट कुणाला सांगितलेली नव्हती.

खूप नंतर एक प्रयोग वाचनात आला आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. कॅरल ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर या दोघी मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेला हा प्रयोग १९९८ मध्ये छापून आला. मुलांना आधी काही कोडी सोडवायला दिली आणि सगळ्यांनाच शाबासकी दिली. काहींना म्हटलं, तू या कोड्यांत हुशार दिसतोस. काहींना म्हटलं, तू चांगली मेहनत घेतलेली दिसतेस. फरक एका वाक्याचा. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळेच आपटले. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखीच बेताची कोडी दिली. मेहनतीची शाबासकी मिळालेल्या मुलांची कामगिरी आधीपेक्षा सुधारली. 'हुशार' म्हटलेल्यांची आधीपेक्षा घसरली, तीही त्याच पातळीच्या कोड्यांत. पण मला थांबवलं ते पुढच्या भागानं. दुसऱ्या शाळेतल्या एका अनोळखी मुलासाठी आपला अनुभव लिहा, आणि आपले मार्कही लिहा, असं मुलांना सांगितलं होतं. नाव लिहायचं नव्हतं, कुणी ओळखणार नव्हतं. तरीही 'हुशार' म्हटलेल्यांपैकी दहातल्या जवळजवळ चार जणांनी मार्क वाढवून लिहिले. मेहनतीवाल्यांत असं करणारे दहात जेमतेम एक.

माझी लाल रिफील त्या चारांत होती.

आता बाईंबद्दल. त्या मनानं फार चांगल्या होत्या, आणि म्हणूनच हे लिहिणं मला जड जातंय. सहामाहीतही माझं गणित तसंच राहिलं तेव्हा त्यांनी मला मधल्या सुट्टीत जवळ बसवून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, सगळ्यांनाच गणित जमतं असं नाही. तुझं भाषेचं डोकं आहे. गणितात पास होण्यापुरतं कर, बाकी मनाला लावून घेऊ नकोस." मला रडू फुटलं, पण ते दुःखाचं नव्हतं. सुटले, असं वाटलं होतं. त्यानंतर बाईंनी मला फळ्यावर बोलावणं बंद केलं. गृहपाठ अर्धा राहिला तरी त्या काही बोलत नसत. मला वाचवण्यासाठीच त्या हे करत होत्या. दहावीत मी गणितात पन्नासच्या आसपास मार्क घेऊन सुटले आणि नंतर तीस वर्षं गणिताचं पुस्तक उघडलं नाही.

हे माझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं नाही. अनीता रतन, कॅथरीन गुड आणि ड्वेक यांनी २०१२ मध्ये याच गोष्टीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. गणिताची बुद्धी जन्मजात असते असं मानणारे शिक्षक पहिल्याच कमी मार्कांवरून विद्यार्थ्याबद्दल निष्कर्ष काढतात, त्याची समजूत घालतात आणि त्याला सोपं, थोडं काम देऊ लागतात. अशी समजूत ज्यांची घातली गेली त्या विद्यार्थ्यांचा उत्साह उलट मावळला, आणि शेवटी आपल्याला कमीच मार्क पडतील असं ते धरून चालले. रागावलेला शिक्षक निदान आपल्याकडून काही मागत तरी असतो. मायेनं आपल्याला सूट देणाऱ्याचा राग कसा करायचा? त्याचं म्हणणं आपण गुमान मानतो, आणि वर त्याचे आभारही मानतो.

आपल्या भाषेत या सगळ्यासाठी एकच अक्षर आहे. ढ. मूल ढ आहे म्हटलं की विषय संपतो. हेच अक्षर का, याचा एक उलगडा नेहमी सांगितला जातो. अशोकाच्या शिलालेखांतल्या ब्राह्मी लिपीपासून आजच्या बाळबोधपर्यंत बाकीची अक्षरं वळणं घेत घेत ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, ढ मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहिला. म्हणून जो बदलत नाही तो ढ. हा शब्द खरोखर असाच आला की नाही कोण जाणे, पण ब्राह्मीची अक्षरं समोर ठेवून पाहिलं तर ढ चटकन ओळखू येतो, एवढं खरं. आणि उलगडा सांगणाऱ्यांनी ढ विद्यार्थ्याची व्याख्या किती नेमकी केली आहे! कमी मार्क पडतात तो ढ, असं ते म्हणत नाहीत. दोन हजार वर्षांत जो बदलला नाही आणि पुढेही बदलणार नाही, तो ढ.

आमच्या शाळेच्या भिंतीवर निळ्या तेलरंगात लिहिलं होतं, 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे'. महाराष्ट्रात ही ओळ नसलेली शाळा सापडणं कठीण. भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या एका श्लोकाचं वामनपंडितांनी मराठी केलं, त्याची ही पहिली ओळ. पूर्ण श्लोक मी पुष्कळ उशिरा वाचला. रगडल्यावर वाळूतून तेल निघेल, मृगजळ पिऊन तहान भागेल, रानोमाळ हिंडल्यावर सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाचं मन काही वळवता येणार नाही, असा तो श्लोक आहे. भर्तृहरीचा रोख हट्टाला पेटलेल्या मूर्खावर आहे, शिकायला बसलेल्या पोरावर नाही, हे मला मान्य आहे. तरीही वाचून अंगावर काटा आला. कारण आमच्या शाळेत नेमकं हेच चाललं होतं. भिंतीवर श्लोकाची पहिली ओळ होती आणि वर्गात चौथी. अ तुकडीला मुख्याध्यापक स्वतः शिकवायचे आणि ड तुकडीला जो शिक्षक रिकामा असेल तो. ड मधून अ मध्ये गेलेलं एकही मूल मला आठवत नाही.

पण याच भाषेत दुसराही एक शब्द आहे, आणि तो माझा फार आवडता आहे. कच्चं. माझं गणित कच्चं आहे, असं आपण सहज म्हणतो आणि काय म्हणतोय हे ऐकत नाही. कैरी कच्ची असते, भिंत कच्ची असते, रस्ता कच्चा असतो. कच्च्या गोष्टीचं पुढं काहीतरी व्हायचं असतं. कैरीला आढीत घालावं लागतं, खाली-वर पेंढा लागतो, ऊब लागते, काही दिवस लागतात. या कैरीच्या अंगात पिकणं नाही, असं कुणी म्हणत नाही.

आणि कच्चं लिंबू! डबा ऐसपैस असो, लपाछपी असो, धाकट्या भावंडाला खेळात घ्यावंच लागायचं, नाहीतर आई ओरडायची. मग जाहीर व्हायचं, ही कच्चं लिंबू. म्हणजे तिनं सगळ्यांबरोबर धावायचं, लपायचं, ओरडायचं, पण ती सापडली तरी तिच्यावर राज्य येणार नाही. तिला वेगळा खेळ दिला जात नाही किंवा कट्ट्यावर बसवून ठेवलं जात नाही. खेळ तोच, मैदान तेच, फक्त तिची चूक धरायची नाही. कच्चं लिंबूपण कधी संपतं ते मोठी मुलं ठरवत नाहीत. एके दिवशी ते पोरगंच पाय आपटून म्हणतं, "मी कच्चं लिंबू नाही. आलं राज्य तर घेईन." हा नियम कुणी, कधी काढला ठाऊक नाही, कुठल्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात तो मला सापडला नाही. पोरांनी पोरांसाठी काढलेला असणार. माझ्या शाळेत त्या वर्षी एवढंच हवं होतं. पंचवीसपैकी सहा पडले, ठीक, अजून महिनाभर तू कच्चं लिंबू, पण फळ्यापाशी रोज यायचं.

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस थांबले होते. कारण विहिरीची गोष्ट मी अर्धीच सांगितली आहे.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलग्यांवर एक प्रयोग केला. त्यावरचा जागतिक बँकेचा निबंध २००४चा आहे. सहा-सहा मुलांचे गट, तीन वरच्या मानल्या गेलेल्या जातींतले आणि तीन खालच्या. कागदावरच्या चक्रव्यूहातून पेन्सिलीनं वाट काढायची, एक सुटला की एक रुपया. मुलं नुसती येऊन बसली आणि सोडवू लागली तेव्हा दोन्हीकडच्या मुलांत फरक दिसला नाही. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीला प्रत्येक मुलाचं नाव, गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली, आणि बरोबर आहे का म्हणून विचारलं. मुलानं मान हलवायची. बस, एवढंच केलं. त्यानंतर खालच्या म्हटलेल्या जातींतल्या मुलांनी सोडवलेल्या चक्रव्यूहांची संख्या साधारण पाचव्या हिश्श्यानं घसरली. पोरं त्याच वयाची, कागद तेच, रुपया तोच.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जिथं बक्षीस कुणाला मिळणार हे चिठ्ठी उचलून ठरायचं होतं, माणसाच्या हातात नव्हतं, तिथं जात वाचून दाखवल्यावरही ही दरी दिसली नाही. म्हणजे त्या मुलांचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा उडाला होता असं सरळ म्हणता येत नाही. माणसं आपल्याला न्यायानं मोजतील यावरचा त्यांचा भरवसा उडालेला असावा. चिठ्ठीला जात कळत नाही.

पाण्यालाही कळत नाही. पान्याला काय ठावं तू कोन हायेस. पण पाण्यापर्यंत कुणी यायचं हे माणसं ठरवत होती. आमच्या विहिरीत सगळी पोरं शिकली असं मी चाळीस वर्षं सांगत आले. सगळी म्हणजे कोण? आमच्या भावकीतली, शेजारच्या मळ्यातली. गावाच्या त्या टोकाच्या बौद्धवाड्यातलं एकही पोर मी आमच्या विहिरीवर पाहिलं नाही. येऊ नका असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. म्हणायची गरजच नव्हती. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं ते १९२७ मध्ये, आणि ही गोष्ट १९८४ची. ती पोरं नदीवर आपापली शिकत असतील. त्यांना कॅन कोण बांधत होतं, हा प्रश्न मला लहानपणी पडला नाही याची मला आज शरम वाटते. मामाचा विश्वास खरा होता, पण तो ज्याच्यापर्यंत पोचला त्याच्यापुरताच.

आणि संधी पोचली की काय होतं याचा पुरावा आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपासून आहे. पुण्यात फुले दांपत्यानं चालवलेल्या शाळेत तीनेक वर्षं शिकलेली मुक्ता साळवे ही मातंग समाजातली चौदा वर्षांची मुलगी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते आणि तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून येतो. ज्यांच्या डोक्यात विद्या शिरणारच नाही असं शेकडो वर्षं ठामपणे सांगितलं गेलं, त्यांच्यातली एक मुलगी तीन वर्षांत धर्म सांगणाऱ्यांनाच जाब विचारते.

म्हणूनच हल्ली शाळांतून, पालकांच्या शिबिरांतून जे चाललंय त्यानं माझा जीव वरखाली होतो. 'मी करू शकतो' असं वहीत रोज दहा वेळा लिहा. मनाशी ठरवा म्हणजे जमेल. ड्वेकबाईंचा विचार आपल्यापर्यंत येता येता त्याचं असं घोषवाक्य झालं. संशोधन तसं म्हणत नाही. मुलांची शाबासकी बदलण्याचा तो प्रयोग इतरांनी करून पाहिला तेव्हा दर वेळी तोच निकाल आला नाही. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर झालेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. बुद्धी घासून वाढते हे समजावणारा, तासाभरापेक्षा कमी वेळाचा ऑनलाइन पाठ मुलांना दिला होता. मागे पडलेल्या मुलांच्या मार्कांत सुधारणा झाली, पण थोडी. आणि ती टिकली कुठं? जिथं आजूबाजूच्या मुलांत अवघड गणिताला हात घालणं चांगलं मानलं जात होतं, तिथं. नंतर त्याच मंडळींना असंही दिसलं की शिक्षकालाच मुलं बदलतात असं वाटत असेल तर पाठाचा उपयोग होतो, नाहीतर फारसा नाही.

कॅन न बांधता मुलाला विहिरीत ढकलायचं आणि काठावरून ओरडायचं, विश्वास ठेव! आणि ते बुडायला लागलं की म्हणायचं, ह्याचा विश्वासच कमी पडला. पूर्वी त्याला निदान नुसतं ढ म्हणत होते. आता ढ असणं हाही त्याचाच दोष ठरतो. मला हे क्रूर वाटतं. पोरानं आपल्याबद्दल काय मानावं हे त्याला पढवून होत नाही. चुकल्यानंतर दुसऱ्या दिवशी आपल्याशी माणसं कशी वागतात, त्यावरून ते पोर ठरवत असतं. परात पुन्हा समोर येते की काढून घेतली जाते, हे त्याला बरोबर समजतं.

करणारे करतातही. मुंबईत सुरू झालेली 'प्रथम' ही संस्था तिसरी ते पाचवीच्या मुलांना रोज काही वेळ इयत्ता विसरून बसवते. ज्याला अक्षरं येतात तो अक्षरांच्या गटात, ज्याला शब्द वाचता येतात तो शब्दांच्या, पुढे परिच्छेद, मग गोष्ट. वरवर पाहता ह्या तुकड्याच झाल्या. पण इथं मूल शब्द वाचू लागलं की त्याचा गट बदलतो, आणि गट बदलण्यासाठीच पाडलेला असतो. मामाचा तांब्याही तेच करत होता.

मीही तीन वर्षांपूर्वी आठवीचं गणिताचं पुस्तक आणलं. अवयव पाडायला मला आता येतात. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही, रोज रात्री दोन उदाहरणं, चुकलं तर दुसऱ्या दिवशी तेच. सांगायचंय ते मामाबद्दल.

मामा आता शहात्तर वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तो तीन-चार आठवडे कराडला आईकडे होता. मीही पुण्याहून काम घेऊन तिथंच राहिले होते. पट्टी निघाली, नवा चष्मा आला. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तो म्हणाला, "समदं लख्ख दिसाय लागलंय. वाचता तेवढं येत न्हाई." मी चमकले. मामाला वाचता येत नाही हे मला माहीत होतं आणि माहीत नव्हतंही. सही यायची त्याला. एसटी स्टँडवर तो कायम कुणालातरी विचारायचा, ढेबेवाडी लागलीय का? मला वाटायचं, सवयीनं विचारतोय. दुसरीत असताना गुरुजींनी आजोबांना बोलावून सांगितलं होतं, ह्याच्या डोक्यात दगड भरलेत, गुरं राखायला लावा. मामानं ते मला अगदी शांतपणे सांगितलं, जसं कुणी आपली उंची सांगावी तसं. "लिहिनं-वाचनं आपल्या अंगात न्हाई बघ."

ज्या माणसानं वीस-पंचवीस पोरांना पाण्यात उतरवलं, आणि त्यातल्या एकाच्याही अंगात काय आहे-नाही हे कधी विचारलं नाही, तो माणूस स्वतःबद्दल सत्तर वर्षं हे वाक्य घेऊन चालत होता.

आठ-दहा वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याला आजीबाईंची शाळा सुरू झाली, ८ मार्च २०१६ ला. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बाया गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जातात. मी मामाला मोबाइलवर त्यांचे फोटो दाखवले. तो हसला आणि म्हणाला, "त्या बाया हुशार असतील." मग मी फोटो दाखवायचं बंद केलं आणि हरिपाठाचं पुस्तक आणलं. हरिपाठ त्याला तोंडपाठ आहे. म्हटलं, म्हणत जा आणि ओळीवर बोट फिरवत जा. बोट पुढे पळायचं आणि शब्द मागे राहायचे, कधी उलट. दोन दिवसांनी म्हटलं, या पानावर 'हरि' कुठं कुठं आहे ते शोध. ते सगळीकडेच असतं. तो शोधत बसला, चष्मा वर-खाली करत. "ह्यो पाठ हाय, वाचन न्हवं," तो म्हणाला. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी 'हरि' ऐवजी नुसता 'ह' शोधायला दिला. मग 'र'. मग कॅलेंडरवरचे महिने, कारण तेही त्याला पाठ. चैत्र अवघड गेला. आषाढ मात्र त्यानं वारीच्या ओढीनं पटकन ओळखला आणि शेवटच्या अक्षरावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो कंचा?"

"ढ."

"ह्यो सोपा हाय की," मामा म्हणाला. "वळून बसलाय निस्ता."

चौथ्या आठवड्यात त्याला गावी पोचवायला मी कराडच्या स्टँडवर गेले. पाऊस भुरभुरत होता. फलाटाला तीन-चार गाड्या लागलेल्या. मी सवयीनं चौकशीच्या खिडकीकडे निघाले होते. मामा जागेवरच थांबला. त्यानं पहिल्या गाडीच्या पाटीकडे पाहिलं, ओठ हलले, मान हलवली. दुसरीकडे पाहिलं. तिसरीपाशी जरा जास्त वेळ थांबला, बोट हवेतच थोडं पुढं केलं, जसं पानावर करायचा तसं. मग मला हाकही न मारता गर्दीतून पुढे झाला, आणि मी पिशवी उचलून पोचेपर्यंत ढेबेवाडीच्या गाडीच्या दुसऱ्या पायरीवर चढला होता.